न्यायालयाचे कार्यालय : न्यायव्यवस्थेचा दुर्लक्षित पाया



न्यायाचा विषय निघाला की महाराष्ट्रात पहिले नाव रामशास्त्री प्रभुणे यांचे घेतले जाते, आणि ते यथार्थच आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या पातकाबद्दल प्रत्यक्ष सत्ताधीश राघोबादादांना दोषी ठरवण्याचे धैर्य या न्यायाधीशाने दाखवले. अडीचशे वर्षे झाली, तरी घराघरांतून ही कथा मुलांना सांगितली जाते. तथापि, रामशास्त्र्यांच्या हाताखाली किती कारकून होते, निवाडे कोण लिहून काढत असे, पक्षकाराला निरोप घेऊन कोण जात असे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांमध्ये बांधलेले मोडी कागद आज संशोधकांना वाचायला मिळतात, ते कोणा अनामिक कारकुनांनी नीट लिहून, जुळवून, बांधून ठेवले म्हणून. न्यायाधीशाची कीर्ती राहिली आणि कारकुनाचे अक्षर राहिले. नाव मात्र राहिले नाही.

आजही चित्र फारसे निराळे नाही. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले प्रलंबित आहेत. त्यावर चर्चा होते ती प्रामुख्याने न्यायाधीशांच्या संख्येची. विधि आयोगाने १९८७ मध्ये आपल्या १२०व्या अहवालात दाखवून दिले की, दहा लाख लोकसंख्येमागे देशात साडेदहाच न्यायाधीश आहेत. ते प्रमाण पन्नासपर्यंत न्यावे, अशी शिफारस आयोगाने केली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली त्या आकड्यावर शिक्कामोर्तब केले आणि पाच वर्षांची मुदत दिली. ती मुदत केव्हाच उलटली. मंजूर पदे सगळी धरली, तरी ते प्रमाण आज एकविसाच्या आसपासच घोटाळत आहे, आणि मंजूर पदांपैकीही हजारो पदे रिक्त आहेत. ही उणीव गंभीर आहे, यात शंका नाही. परंतु न्यायाधीश वाढले म्हणजे न्याय आपोआप लोकांच्या पदरात पडेल, ही समजूत मात्र तपासून पाहिली पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये देशभरातील दरखास्तींची माहिती मागवली. दरखास्त म्हणजे दावा जिंकल्यानंतर हुकूमनाम्याची अंमलबजावणी व्हावी, म्हणून करावा लागणारा दुसरा अर्ज. अशा ८ लाख ८० हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे निष्पन्न झाले. त्यांत सर्वाधिक, ३ लाख ४० हजारांवर, मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातील होत्या. हे आकडे हरलेल्यांचे नाहीत, जिंकलेल्यांचे आहेत. न्यायाधीशांनी साक्षीपुरावे ऐकले, निकाल दिला, सही-शिक्का झाला, आणि तरीही ज्याचे घर त्याला ते मिळाले नाही, ज्याचे पैसे त्याच्या हाती आले नाहीत. हुकूमनामा मिळाल्यावरच आपल्याकडील पक्षकाराच्या खऱ्या अडचणी सुरू होतात, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच म्हणून ठेवले होते. परकीय राज्यकर्त्यांच्या न्यायपीठाला जे दीडशे वर्षांपूर्वी दिसले, ते स्वराज्यातही तसेच राहावे, ही काही भूषणावह गोष्ट नव्हे.

एखाद्या तालुक्याच्या गावी राहणारी विधवा डोळ्यांसमोर आणावी. दिराने बळकावलेल्या दोन खोल्यांसाठी तिने दावा लावला. बारा-चौदा वर्षांनी निकाल तिच्या बाजूने लागला. मग दरखास्त. दरखास्तीची नोटीस दिरावर बजावली गेली पाहिजे. बेलिफ गेला, तर घराला कुलूप. दुसऱ्या वेळी गेला, तर 'गावी गेले आहेत' असे शेजाऱ्याने सांगितले. तिसऱ्या वेळी पत्ता अपुरा असल्याचा शेरा. प्रत्येक शेऱ्यामागे एक तारीख, प्रत्येक तारखेला एस.टी.चे भाडे आणि बुडालेला दिवस. न्यायाधीशांचा यात काहीच दोष नाही. वकिलाचाही असेलच असे नाही. गाडे अडले ते बजावणीपाशी.

हा बेलिफ कोण, हे न्यायालयाची पायरी न चढलेल्या सुदैवी कुटुंबांना कदाचित ठाऊक नसेल. दिवाणी न्यायालयाचे समन्स, नोटीस, जप्तीचे वॉरंट, ताबा देण्याचा हुकूम हे सारे प्रत्यक्ष दारापर्यंत नेणारा हा कर्मचारी. तो नाझराच्या हाताखाली काम करतो. उन्हातान्हात वाड्यावस्त्या पालथ्या घालतो. जप्तीच्या वेळी कधी शिव्या खातो, कधी धक्काबुक्कीही सोसतो. पोलीस बंदोबस्त मिळाला तर मिळाला. दिवाणी प्रक्रिया संहितेचा पाचवा आदेश वाचला, तर कायद्याने या माणसावर किती विश्वास टाकला आहे, हे ध्यानात येते. समन्स शक्यतो प्रत्यक्ष त्या व्यक्तीलाच द्यायचे. ती नसेल तर कुटुंबातील प्रौढ व्यक्तीला. तेही न जमले, तर दारावर डकवायचे आणि कसे, केव्हा, कोणासमक्ष डकवले याचा अहवाल लिहायचा. (कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्या हाती समन्स देण्याची मुभाही १९७६च्या दुरुस्तीनंतरच आली. तोपर्यंत कायद्याच्या लेखी घरात 'प्रौढ' असे ते पुरुषच!) त्या चार ओळींच्या अहवालावर पुढचा सारा दावा उभा राहतो किंवा कोसळतो. अहवाल खोटा निघाला तर एकतर्फी निकाल रद्द होतो आणि दहा वर्षांची मेहनत पाण्यात जाते. प्रामाणिक बेलिफ ही म्हणूनच न्यायाची पहिली हमी आहे. आणि ज्या व्यवस्थेत बेलिफाच्या खिशात कोणाची नोट आहे, यावर घर बंद की उघडे हे ठरते, तिथे वर कितीही विद्वान न्यायाधीश बसले, तरी उपयोग नाही. हे कटू असले, तरी बोलले पाहिजे. मात्र त्याच दमात हेही बोलले पाहिजे की, असंख्य बेलिफ तुटपुंज्या प्रवासभत्त्यावर इमानेइतबारे हे काम करीत आले आहेत, आणि त्यांची दखल कोणत्याही समारंभात घेतली जात नाही.

मग या कर्मचारीवर्गाची जबाबदारी नेमकी कोणाची? येथे गुंता आहे. राज्यघटनेच्या २३५व्या अनुच्छेदाने कनिष्ठ न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे सोपवले आहे. ते आवश्यकही आहे, कारण कारकुनाची बदली मंत्रालयातून होऊ लागली, तर ५०व्या अनुच्छेदात अभिप्रेत असलेली न्यायपालिकेची अलिप्तता केवळ कागदावर उरेल. पण पदे मंजूर करायची राज्य शासनाच्या विधि व न्याय विभागाने, त्यासाठी पैसा द्यायचा वित्त विभागाने. केंद्रातील न्याय विभागाची कथा आणखी वेगळी. हा विभाग २००९ अखेरपर्यंत गृह मंत्रालयात होता, त्यानंतर तो विधि व न्याय मंत्रालयात आला. न्यायालयांच्या इमारती आणि न्यायाधीशांची निवासस्थाने यांसाठी तो १९९३-९४पासून राज्यांना अर्थसाहाय्य देतो, संगणकीकरणाचा भार उचलतो. कारकून, बेलिफ, शिपाई त्याच्या कक्षेत येत नाहीत. परिणामी, इमारतीचे उद्घाटन करायला तिघेही हजर असतात, पण नाझर शाखेत चार पदे रिक्त का, असे विचारले की, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आणि या सर्वांच्या खाली जिल्ह्याचे प्रमुख न्यायाधीश. त्यांनी खुनाचे खटलेही चालवायचे आणि शिपायाच्या रजेचा अर्जही निकाली काढायचा, विभागीय चौकशीही करायची आणि गळके छपरही पाहायचे.

यावर उपाय म्हणून तेराव्या वित्त आयोगाने २०१०-१५ या काळासाठी न्यायालयांत व्यवस्थापक नेमण्याकरिता ३०० कोटी रुपयांची तरतूद सुचवली. कल्पना उत्तम होती. प्रशासनाचे शिक्षण घेतलेली व्यक्ती कार्यालय सांभाळील आणि न्यायाधीश न्याय करतील. पण नेमणुका झाल्या त्या कंत्राटी. आयोगाची मुदत संपली आणि अनेक ठिकाणी या व्यवस्थापकांचे भवितव्यच टांगणीला लागले. अखेर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला उच्च न्यायालयांना सांगावे लागले की, यांच्यासाठी सेवानियम करा आणि त्यांना नियमित करा. जी गोष्ट विभागांनी आपसांत बसून ठरवायची, ती न्यायालयीन आदेशानेच व्हावी, ही आपल्या न्याय-प्रशासनाची जुनी खोड आहे. न्यायमूर्ती जगन्नाथ शेट्टी आयोगाने कर्मचाऱ्यांच्या वेतन व सेवाशर्तींविषयी २००३ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला. त्याच्या अंमलबजावणीसाठीही २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच राज्यांना बजावावे लागले. न्याय देणाऱ्या कार्यालयातील माणसांनाच न्यायासाठी वर्षानुवर्षे रांगेत उभे राहावे लागले!

भरतीचेही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ पदांची जाहिरात काढली. त्यांत ५६८ लघुलेखक, २,७९५ कनिष्ठ लिपिक आणि १,२६६ शिपाई-हमाल. भरती दरवर्षी नेमाने झाली असती, तर एका जाहिरातीत एवढा आकडा निघाला नसता. लघुलेखकांचा प्रश्न तर विशेष आहे. १९९८च्या अधिसूचनेने राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. पण मराठी लघुलेखन उत्तम येणारा, कायद्याची परिभाषा जाणणारा माणूस न्यायाधीशांच्या शेजारी नसेल, तर मराठीतून निकाल देण्याची इच्छा असूनही न्यायाधीश इंग्रजीकडे वळतात, आणि ज्याच्या घराचा निकाल, त्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. मातृभाषेविषयी आपण सभांमधून पुष्कळ बोलतो. मराठी लघुलेखनाचे वर्ग मात्र ओस पडत चालले आहेत, याकडे लक्ष नसते.

संगणकामुळे काही चांगले घडले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २००७ साली ई-न्यायालय प्रकल्प सुरू झाला. २०२३ मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. पूर्वी पुढची तारीख कळण्यासाठी शिरस्तेदाराच्या टेबलापाशी ताटकळावे लागे. आता ती भ्रमणध्वनीवर दिसते. रोजनामा वाचता येतो, निकालाची प्रत पाहता येते. बेलिफाच्या हाती उपकरण देऊन तो खरोखर त्या दारापर्यंत गेला होता काय, याची स्थळासह नोंद घेण्याची सोयही झाली आहे. घर बंद असल्याचा शेरा चहाच्या टपरीवर बसून लिहिणे त्यामुळे कठीण होईल. पण यंत्र फक्त जाणाऱ्याची नोंद घेते, जायला माणूस लागतोच. एका बेलिफाकडे तीन तालुक्यांचे कागद असतील, तर उपकरण त्याची धावपळ नोंदवील, कमी करणार नाही. अभिलेख कक्षातील जुन्या कागदांची प्रतिमा काढायची, तर आधी तो बस्ता शोधून धूळ झटकणारा, पाने लावणारा जाणता कारकून हवा. असे जाणते लोक निवृत्त होत आहेत आणि त्यांच्याकडून शिकायला नवा माणूस वेळेवर येत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील जनतेची काही दशकांची मागणी पूर्ण झाली. वकीलवर्गाने त्यासाठी दीर्घ लढा दिला, त्याचे अभिनंदन. मुंबईचा प्रवास वाचला, ही सामान्य पक्षकाराच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे. पण त्या सहा जिल्ह्यांतील कुणा विधवेच्या दरखास्तीची नोटीस आजही तालुक्याच्या नाझर शाखेतूनच निघणार आहे. विधिमंडळाच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात रस्त्यांवर, धरणांवर प्रश्न विचारले जातात. आपल्या मतदारसंघातील न्यायालयात बेलिफांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हा प्रश्न किती आमदारांना त्यांच्या मतदारांनी विचारायला लावला असेल?

दरम्यान, करण्याजोगे एक काम हाताशी आहे. विधि सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधि सेवेचे कार्यालय असते आणि तालुक्याला समिती असते. तेथे वकील विनामूल्य मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नाही, अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. या कार्यालयांना निम-विधि स्वयंसेवक लागतात. त्यांना प्रशिक्षण तेच देतात. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दुपारी मोकळ्या असणाऱ्या गृहिणी यांपैकी कोणालाही ते जमण्यासारखे आहे. अर्ज कुठे द्यायचा, दरखास्तीत पत्ता अचूक कसा लिहायचा, बजावणीच्या दिवशी घर दाखवायला बेलिफाबरोबर कोणी जायचे, एवढे सांगणारे माणूस सोबत असले, तरी दिराच्या दारावरून नोटीस तिसऱ्यांदा परत येत नाही.