ताण तोडायची वेळ



जानेवारीत वरूडला स्नेहसंमेलन म्हटलं की अर्ध्या पालकांचं मन बगीच्यात असणार. आंबिया बहाराचे दिवस आहेत. ओलित बंद करून संत्र्याला ताण दिला की नवी वाढ थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न फांद्यांत साठतं आणि फुलकळी धरते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत उशिरा. पानं मलूल होऊन गळू लागली की जाणता कास्तकार हलकं पाणी देऊन ताण तोडतो. उशीर झाला तर फांद्याच सुकतात.

माणसाचं शरीर वेगळं, तरी तिथंही वेळेलाच महत्त्व आहे. 1936 साली शास्त्रज्ञ हान्स सेली यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की थंडी असो, जखम असो वा अतिश्रम, शरीर आधी खडबडून जागं होतं, मग तग धरतं आणि ताण हटलाच नाही तर खचतं.

मुलांनो, पेपर हातात आल्यावर छाती धडधडते ना? मूत्रपिंडांवरच्या दोन लहान ग्रंथींनी ॲड्रेनलिन सोडलेलं असतं. मागोमाग कॉर्टिसॉल येतं आणि रक्तात साखर पुरवतं. या धडधडीला भिऊ नका, ती तयारी आहे.

आपला उन्हाळाच बघा. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं की आठवडा-दोन आठवड्यांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठही कमी होतं. पण हे व्हायला मधे सावली लागते, पाणी लागतं. एकाच दिवशी भर दुपारी राबणाऱ्याला उष्माघात होतो.

अभ्यासाचंही तसंच आहे. कॉर्टिसॉल महिनोन्‌महिने चढं राहिलं, तर झोप उडते, रोगाशी लढायची ताकद घटते आणि स्मरणशक्तीलाही झळ बसते. मूल जेवेनासं झालं, विनाकारण चिडू लागलं, खेळायला जाईनासं झालं, तर पालकांनो, टक्क्यांचा विषय त्या दिवशी काढूच नका. शेजारी बसा, त्याचं ऐका.

रात्रीच्या पहिल्या झोपेत कॉर्टिसॉल सर्वांत कमी असतं आणि दिवसा वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. बोर्डाच्या पेपरच्या आदल्या रात्री दहा वाजता पोरांच्या खोलीतला दिवा तुम्हीच मालवा.