हळू बोलणारीला आधी माईकसमोर बसवा



प्रभागसंघाच्या सभेचं रेकॉर्डिंग करायला आम्ही नेटवर्कवर चालणारे चार माईक लावले. या माईकला वीज मिळते आणि आवाज जातो तो एकाच केबलमधून. पण केबल जोडली, दिवा लागला, की काम संपत नाही. प्रत्येक माईकला लॅपटॉपवर नाव द्यायचं आणि त्याचा आवाज कोणत्या चॅनेलवर घ्यायचा ते ठरवायचं. आम्ही 'दाराजवळ', 'खांबाजवळ' अशी नावं दिली. त्यामुळे कोणता माईक बंद आहे ते लगेच कळतं.

चूक पुढे झाली. ठरवलेल्या पातळीपेक्षा आवाज लहान असला, की यंत्र तो माईक बंद ठेवतं. ती पातळी आम्ही खणखणीत आवाजाच्या ताईंवरून ठरवली. सभेत मागे बसलेल्या काकू म्हणाल्या, "माझे दोन हप्ते भरलेत, वहीत एकच आहे." इतिवृत्त लिहायला बसलो, तर रेकॉर्डिंगमध्ये त्यांचं बोलणंच नाही! आम्ही त्यांच्या घरी गेलो, माफी मागितली, पुन्हा लिहून घेतलं.

आता सर्वांत हळू बोलणारीला तिच्या नेहमीच्या जागी बसवतो, पंखे चालू करतो आणि मगच पातळी ठरवतो. तुम्हीही तसंच करा.