अक्षय्य तृतीयेचा घट

वैशाख शुद्ध तृतीया जवळ आली म्हणजे मीरा-भाईंदरच्या बिऱ्हाडांतून मातीच्या घटाची आठवण होऊं लागते. या दिवशीं पितरांच्या नांवें उदककुंभाचें दान करण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. घटांत गार पाणी भरावयाचें, त्यांत वाळा घालावयाचा आणि तो घट तहानेल्यास द्यावयाचा. खानदेशांत याच सणास आखाजी म्हणतात. तेथें घागरीची पूजा होते व सासुरवाशिणी माहेरीं येऊन झोके घेतात.

हा घट घडतो कसा, हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं भाईंदरहून गाडीनें माहीमास उतरावें व पूर्वेस धारावींतील कुंभारवाड्यांत जावें. येथील बहुतेक कुंभार मूळचे सौराष्ट्रांतले. शहर वाढत गेलें तसे ते दक्षिण मुंबईंतून हलले आणि 1930 नंतरच्या वर्षांत येथें स्थिरावले. एका अंगणांत माती मळली जाते, दुसऱ्यांत चाक फिरतें, तिसऱ्यांत ओलीं मडकीं उन्हांत सुकत असतात. चाकावरून उतरलेल्या मोठ्या मडक्यास आंतून गोळ्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी फळीनें थापटतात. त्यानें अंग पातळ होतें व पोट फुगतें.

मडक्यांतील पाणी गार होतें तें मातीच्या सूक्ष्म छिद्रांमुळें. पाणी बाहेर पाझरतें, त्याची वाफ होते आणि एका ग्रॅमामागें सुमारें 580 कॅलरी उष्णता ती घेऊन जाते. म्हणूनच दमट भाईंदरापेक्षां कोरड्या जळगांवीं मडकें अधिक गार पाणी देतें.

जपानांतील क्योतो शहरीं गोजोझाका नांवाचा कुंभारांचा भाग आहे. तेथें ऑगस्टांत, ओबोन सणाच्या आधीं, लोक पितरांच्या आत्म्यांस घरीं बोलावण्यासाठीं देवळांत जातात. त्यांच्याच वाटेवर 1920 सालीं भांड्यांचा बाजार सुरू झाला. तेथील भांडें फार मोठ्या आंचेवर भाजून काचेसारखें घट्ट केलेलें. आपलें मडकें मंद आंचेचें व पाझरणारें. परंतु दोन्हीकडे पितरांचें स्मरण कुंभाराच्या हातास काम देतें.

कुंभारवाड्यांतील भट्ट्या मात्र आज वादाचा विषय झाल्या आहेत. त्यांत टाकाऊ कापूस, चिंध्या व भुसा जळतो. त्याचा धूर शेजाऱ्यांस नकोसा होतो, आणि कुंभारांच्या मुलांच्या छातींत तर तो सर्वांच्या आधीं शिरतो. ही तक्रार खोटी नव्हे. तथापि 2022 सालीं धारावीच्या पुनर्विकासासाठीं बोली लागली, तेव्हांपासून त्याहून मोठा प्रश्न उभा आहे. उंच इमारतींत कुटुंबास खोली मिळेल. परंतु माती साठविण्यास, मडकीं वाळविण्यास व भट्टी लावण्यास जमीन लागते. धूर कमी करणारी भट्टी बांधतां येते. अंगण मात्र चौथ्या मजल्यावर नेतां येत नाहीं.

तेव्हां सणासाठीं मडकें घेणाऱ्यानें तें नेहमींप्रमाणें वाजवून घ्यावें. नाद खणखणीत आला, तर भाजणी चांगली झाली असें समजावें. किंमत देतांना कुंभारास एवढेंही विचारावें, कीं पुढील वैशाखांत भट्टी कोठें लागणार? तो काय उत्तर देतो, तें घरीं मुलांस सांगावें. कारण पितरांच्या नांवें दिलेलें पाणी शेवटीं त्याच्याच हातच्या भांड्यांतून जातें.