वक्त्याची वाणी आणि श्रोत्याचा विवेक

(वाशीम जिल्ह्यातील उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)



निवडणूक जवळ आली की वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा या आपल्या सहाही तालुक्यांत सभा भरू लागतात. परक्या पक्षाच्या पुढाऱ्याचे भाषण आपण सावधपणे ऐकतो. परंतु आपलाच पुढारी आपल्याच माणसांना वळवू लागला, म्हणजे ती सावधगिरी सुटते. कारण तेथे आपण विश्वास टाकूनच बसलेले असतो. म्हणून त्याच्या वाणीची साधने ओळखणे अगत्याचे आहे.

ही साधने मुळातच वाईट आहेत असे नव्हे. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या महार परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी धर्मांतराचा विषय मांडला. समोर बसलेले लोक त्यांच्या शब्दावर चालणारे होते. तरीही त्यांनी केवळ आज्ञा केली नाही. सफरीला निघण्यापूर्वी तांडेल जशी तयारी करतो, तशी तयारी धर्मांतरापूर्वी हवी, असा दृष्टान्त त्यांनी दिला. जो धर्म तुम्हांला माणूस मानीत नाही त्यात तुम्ही का राहता, अशा आशयाचे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. दृष्टान्ताने अवघड गोष्ट अडाण्यालाही उमगते. प्रश्नाने ऐकणाराला स्वतःचे उत्तर शोधावे लागते. पुनरुक्तीने ते मनावर ठसते. शेवटी, स्वतःच स्वतःचा दीप व्हा, हा भगवान बुद्धांचा उपदेश सांगून त्यांनी निर्णय लोकांवर सोपविला. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा झाली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी, नागपूरच का निवडले, या शंकेचेही त्यांनी सविस्तर निरसन केले.

आता दुसरी बाजू पाहा. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. थोड्याच वर्षांत त्यात फूट पडली. बी. सी. कांबळे यांचा गट 'दुरुस्त' आणि दादासाहेब गायकवाड यांचा गट 'नादुरुस्त' म्हणून ओळखला जाऊ लागला. एका शब्दाची ही करामत! एकाला 'दुरुस्त' म्हटले की दुसरा आपोआप मोडका ठरतो. मग मतभेद कशावर होता, हे विचारण्याची कोणाला गरजच वाटत नाही. परंतु १९६४ साली भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला तो दादासाहेबांच्याच नेतृत्वाखाली. तेव्हा नाव कोणतेही पडो, पारख कामावरून करावी. पुढे गटांतून गट निघाले आणि प्रत्येक व्यासपीठावरून बाबासाहेबांचेच नाव घेतले गेले. त्या नावाचा जयघोष झाला की आपण हात वर करतो; ठराव काय होता, ते घरी गेल्यावर आठवत नाही.

राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनीच दिला होता. तो त्यांचे नाव घेणाऱ्या पुढाऱ्यालाही लागू आहे.

म्हणून प्रत्येक भाषणाला तीन कसोट्या लावा. वक्त्याने कारण दिले, की नुसते नाव दिले? शंका विचारू दिली, की शंका घेणाऱ्याला फितूर ठरविले? निर्णय आपल्यावर सोडला, की आपल्या वतीने आधीच करून टाकला? माता-भगिनींनीही हे प्रश्न घरात विचारावेत. मत त्यांचेही आहे.

केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले. ज्यांनी हा धम्म स्वीकारला, त्यांनी पुढाऱ्याचे भाषणही तपासल्यावाचून स्वीकारू नये. टाळी वाजवायची तर ती विचार करून वाजवा.

जय भीम!