‘खाली है?’

(इमारतीच्या दुरुस्तीआधी झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



सोमवारपासून आपल्या इमारतीला परांची बांधणार आहेत. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, पाच मिनिटं बोला. मी आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर नोकरी केली, म्हणून हा मान!

एकच प्रसंग सांगतो. चौथ्या मजल्यावरून डेब्रिजची पोती टाकत होते. टाकणारा बिहारचा. खाली पहाऱ्याला उभा केलेला मुलगा बीडचा, त्याच आठवड्यात आलेला. वरून आवाज आला, "खाली है?" म्हणजे, जागा मोकळी आहे का? आपल्या मुलाने ते मराठीत ऐकलं : खाली कोणी आहे का? गवंडी तिथेच पाणी पीत बसला होता. मुलगा ओरडला, "हां, खाली है!" आणि पोतं सुटलं.

गवंड्याच्या खांद्याचं हाड मोडलं. वीतभर इकडे पडतं तर डोकंच होतं. दोघंही खरं तेच बोलले होते. मी मात्र रिपोर्टात लिहिलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. त्या ओळीची मला अजून लाज वाटते. कोणी काय शब्द वापरायचा, हे ठरवून देणं माझं काम होतं, आणि मी ते केलं नव्हतं.

पुढे रोज सकाळी कामाआधी दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र उभं करू लागलो. ‘खाली’ हा शब्दच बंद केला. तेलुगू लोकांकडून ‘आपू’ शिकलो, बंगाल्यांकडून ‘थामो’. दोन्ही म्हणजे थांब. पण मिक्सर सुरू झाला की कुठलीच भाषा ऐकू येत नाही. तिथे क्रेनवाल्यांची खूण : दोन्ही हात आडवे पसरून हलवले की काम जागच्या जागी थांबवायचं, मग खूण करणारा साधा हेल्पर का असेना. "समजलं का?" विचारणंही सोडलं. मुकादमासमोर नाही कोण म्हणणार? "करून दाखव" म्हणायचो.

आपल्याकडची टोळी मालदाकडची आहे, रंगारी उत्तर प्रदेशचे. दोन्ही भाषा येणारा एकटा मुकादम. तेव्हा खिडकीतून कुणी सूचना देऊ नका. "भैया, जरा उधर" म्हटलं की तो बिचारा पट्ट्याचा हूक सोडून सरकतो. काही असेल तर मुकादमाला सांगा. सोमवारी साडेआठला गेटपाशी ती हाताची खूण करून दाखवणार आहोत. मुलांनाही घेऊन या.

आणि चहा जरूर द्या, पण परांचीवर नको. बोलावताना फक्त "नीचे आओ" म्हणा.