मुचलक्यावर सुटलेला माणूस आणि घराची झडती



संपातल्या मारामारीत सापडलेला कामगार चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सुटून खोपटातल्या आपल्या खोलीवर येतो, तेव्हा बायको देवापुढे दिवा लावते आणि शेजारी कुजबुजतात, ‘आता ह्याच्याकडे पोलीस केव्हाही येणार.’ त्या माणसालाही तसेच वाटत असते. कामगारांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवताना आम्हांला ही समजूत फार चिवट दिसली. आणि ती खोटी आहे.

अमेरिकेत निराळी तऱ्हा आहे. तेथे काही राज्यांत प्रोबेशनवर सुटणाऱ्याकडून झडतीची कबुली आधीच घेतात. २००१ साली नाइट्स नावाच्या इसमाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने, वाजवी संशय असल्यास, अशी वॉरंटाविना झडती मान्य केली. आपल्या १९५८ च्या प्रोबेशनच्या कायद्यात मात्र पोलिसांना झडतीचा अधिकार देणारे एकही कलम नाही. मुचलक्याची अट मोडली, तर समन्स वा वॉरंट काढायचे ते न्यायालयाने. घरी येतो तो प्रोबेशन अधिकारी. देखरेख ठेवणे आणि कामधंदा मिळवायला मदत करणे हे त्याचे काम. त्याला बसायला द्या, चहाही द्या.

मग पोलिसांना वाट उरते ती सर्वांना लागू असलेल्या कायद्याची. १ जुलै २०२४ पासून ती नागरिक सुरक्षा संहितेच्या १८५ व्या कलमात आहे. वॉरंट नसेल, तर एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू हवा, वस्तू तेथे मिळेल असे मानण्यास वाजवी कारण हवे, आणि ते कारण झडतीच्या आधी लिहून ठेवायला हवे. ‘हा प्रोबेशनवर आहे’ एवढे पुरत नाही. कारणे न लिहिता घेतलेली झडती सर्वोच्च न्यायालयाने रहमानच्या खटल्यात बेकायदा ठरवली, त्याला साठाहून अधिक वर्षे झाली.

आता भावाची खोली, बायकोची ट्रंक, मालकाची रिक्षा. खोली कोणाच्या नावावर आहे हे कायदा पाहत नाही. वस्तू तेथे असल्याचे वाजवी कारण असेल, तर भावाच्या खोलीचीही झडती होईल. परंतु नुसते नाते म्हणजे कारण नव्हे.

खडकसिंगाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. उत्तर प्रदेशातल्या ह्या माणसाला दरोड्याच्या आरोपातून १९४१ मध्ये पुराव्याअभावी सोडले, तरी पोलिसांनी त्याच्या नावाची नोंद उघडली, आणि रात्री-अपरात्री दार ठोठावून त्याला उठवू लागले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या फेऱ्या घटनाबाह्य ठरवल्या. शिक्षाही न झालेल्या माणसाला एवढ्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले!

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. झडती बेकायदा होती एवढ्यावरून तीत सापडलेला माल पुराव्यातून बाद होत नाही, असे १९७३ च्या पूरणमल खटल्यात ठरले. म्हणून ‘पुढे कोर्टात पाहू’ ही भिस्त अपुरी आहे. अंगावर जाऊ नका, हात लावू नका. पण खोलीतून हलूही नका. हजर राहण्याचा तुम्हांला हक्क आहे. दोन स्वतंत्र पंच हवेत, शक्यतो त्याच वस्तीतले. झडतीचे चित्रीकरण आता सक्तीचे आहे. नेलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत तेथेच मागून घ्या. लिहिलेल्या कारणांची नक्कल अठ्ठेचाळीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जावी लागते, आणि घरात राहणाऱ्याने अर्ज केला, तर तीही फुकट मिळते.

ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी युनियनच्या कचेरीत यावे. संध्याकाळी आम्ही तेथेच असतो.