मोंढ्यातली दिवाळी आणि ज्येष्ठातला हिशेब



राष्ट्राने किंवा कुटुंबाने आज किती खर्चावे आणि पुढच्यासाठी किती राखावे, या प्रश्नाचे गणित केंब्रिजच्या फ्रँक रॅम्से यांनी १९२८ साली मांडले. आणि १९३७ साली पॉल सॅम्युएल्सन यांनी त्यास असे सुटसुटीत रूप दिले की, हुंडीवर कसर कापावी त्याप्रमाणे पुढल्या सुखातून ठरावीक दराने वजावट करावी, आणि अखेरची बेरीज जेथे सर्वांत मोठी येईल तोच मार्ग मनुष्य पत्करतो, असे गृहीत धरावे. त्यावर हर्बर्ट सायमन यांनी १९५५ मध्ये मूलगामी आक्षेप घेतला, तो असा की, मनुष्याची माहिती, सवड आणि गणनशक्ती ही तिन्ही परिमित असल्यामुळे तो सर्वोत्तमाच्या शोधात भटकत नाही. गरज भागेल असा पर्याय हाती लागताच तेथे थांबतो.

मला पुढे विचारावयाचे आहे ते हे की, बुद्धीची ही मर्यादा बारा महिने एकसारखीच राहते काय? तमिळनाडूतील ४६४ ऊस-उत्पादकांच्या ज्या बुद्धिपरीक्षांचा वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यांत तोच शेतकरी तोडणीपूर्वीच्या ओढगस्तीत कमी, आणि पैसा हाती आल्यावर अधिक गुण मिळविताना आढळला. अमेरिकेत पगाराच्या पुढेमागे घेतलेल्या परीक्षांत असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु पगाराची वाट काही दिवस पाहावी लागते, खरिपाची वर्षभर.

आता आपल्या उमरी तालुक्याकडे पाहा. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास मोंढ्यात येते, कापसाची वेचणी त्यामागून चालू राहते, लग्नसराईत रोकड ओसरते, आणि बियाणे, खत, मुलांची फी, पीककर्जाची कागदपत्रे व पाठोपाठ पीकविम्याची मुदत हे सर्व नेमके ज्येष्ठ-आषाढात, घर सर्वांत रिते असताना, एकदम अंगावर येते. दुकानदार उधारीवर देईल ते बियाणे त्या वेळी घेणाऱ्यास अविचारी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ पासून सोलापूरकडील शिरापूरसारख्या गावांतून कुटुंबांचे जे हिशेब नोंदविले, त्यांच्या अभ्यासातून दिसले की, पडत्या वर्षी बैल विकून पोटाची बेगमी होते. पण त्या बैलांबरोबर पुढच्या मशागतीचे बळही दावणीतून जाते.

म्हणून माझे म्हणणे असे की, उपभोगाच्या निवडीचे प्रतिरूप रचताना केवळ उत्पन्न हंगामागणिक बदलते असे न मानता, निवड करणाऱ्याचे अवधानही हंगामागणिक बदलते असे मानले पाहिजे. आणि तसे मानल्यास प्रश्न किती सवलत द्यावी एवढाच न राहता, ती केव्हा द्यावी हा होतो. केनियातील एका प्रयोगात कापणी होताच आगाऊ पैसे भरणाऱ्यास खत विनाखर्च घरपोच देऊ केले, तेव्हा वापर पुष्कळ वाढला. घरपोच देण्याची तीच सोय पुढे खत घालण्याच्या वेळी दिली, तेव्हा तितका परिणाम झाला नाही.

येथील सोसायट्यांनी व बँकांनीही मोंढ्यातली पट्टी हाती पडते त्या पंधरवड्यातच बियाण्याची व फीची रक्कम स्वेच्छेने बाजूस ठेवून घेण्याची आणि ज्येष्ठात ती परत देण्याची तजवीज करावी. मात्र दुखणेबाणे आल्यास ती मुदतीपूर्वी काढण्याची मुभा असावी. नाहीतर स्वतःचा पैसा अडकलेला असता सावकाराचे दार ठोठावावे लागेल, आणि जी चिंता ज्येष्ठातून दूर करावयाची तीच पौषात घरात शिरेल.